कबुतरांच्या फिरत्या आमिषाला बॅटरी कोणती: लेड-ॲसिड की लिथियम?

ब्रिटनमध्ये पिकावर उतरणाऱ्या रानकबुतरांना बंदुकीच्या टप्प्यात ओढण्यासाठी, दांड्यांच्या टोकांना आमिषाची कबुतरं लावून फिरवतात त्या दोन दांड्यांच्या यंत्राला बहुधा १२ व्होल्ट लागतात. ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी स्वस्त, पण दोन किलोंहून जड. निम्म्याखाली उतरवत राहिलं की तिचं आयुष्य घटतं. म्हणून मोटर १ अँपिअर ओढत असेल तर निम्म्या क्षमतेचे साडेतीन तासच धरा. व्होल्टेज घसरतं तसा वेगही मंदावतो. उतरलेली तशीच ठेवली तर प्लेटांवर सल्फेट साचतं, म्हणून घरी येताच चार्जिंगला लावा.

तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट साधारण किलोभराची. जवळपास पूर्ण वापरता येते, वेग टिकतो, मग एकदम बंद पडते. दांडी पिकात अडकली तरी बॅटरीतलं संरक्षक सर्किट प्रवाह तोडू शकतं. शून्य अंशाखाली चार्ज करू नका. शेत चालत गाठायचं असेल तर हीच घ्या.