फुग्यात अक्षर मावतं का? आठ महिन्यांच्या कॉमिक्स-खरेदीचा अनुभव

परवा रात्री लेकाच्या हातातच चित्रकथांच्या जाड संचाची पाठ उकलली आणि पानांचा गठ्ठा गादीवर पडला. पानं जुळवताना दिसलं, की मधली सोळा पानं दोनदा आहेत आणि पुढची सोळा मुळातच नाहीत. बांधणीत सोळा पानांचा एकच जुडगा (फॉर्म) चुकून दोनदा लागलाय. आठ महिने हे आम्हाला कळलं नाही, कारण लेक तिथवर कधी पोचलाच नव्हता. तो तिथवर का पोचला नाही, माझा खरा राग त्यावर आहे.

आधी तक्रारीचं सांगते. ऑनलाइन विक्रेत्याला तीन फोन झाले, फोटो पाठवले. उत्तर आलं, परत करायची मुदत दहा दिवसांची होती. सतराशे रुपये मोजलेत मी. लहान मुलांचं पुस्तक महिनोन्महिने पुरवून वाचलं जातं, त्यातला दोष मागाहूनच सापडणार. छपाईच्या चुकीला दहा दिवसांची मुदत मला मान्य नाही.

आता मूळ मुद्दा. वेष्टनावर ‘वय ६+’ असं छापलंय. लेक सात वर्षांचा, मराठी शाळेत दुसरीत, बालभारतीचं पुस्तक घडाघडा वाचतो. तरी हा संच तो चित्रं पाहून मिटून ठेवायचा. पहिला महिनाभर मला वाटलं, कंटाळा करतोय. मी रागावलेसुद्धा, त्याचं आजही वाईट वाटतं. मग एके दिवशी मोठ्यानं वाचायला लावलं, तर तो ‘कर्ण’ला ‘कण’ म्हणत होता. डोळे जवळ नेऊन पाहिलं, तर रफार वरच्या ओळीला चिकटून जवळजवळ नाहीसा झालेला. ‘सिंहासनावर’ हा शब्द संवादाच्या फुग्याच्या कडेला तुटून एका ओळीत ‘सिंहास’ आणि खाली ‘नावर’, मध्ये साधी रेघही नाही.

मी पट्टी लावली. अक्षर जेमतेम दोन मिलिमीटर. कारण नंतर लक्षात आलं. चित्रं आणि फुगे आधी इंग्रजीसाठी आखलेले. इंग्रजी मोठ्या लिपीतल्या अक्षरांना वर-खाली काही लागत नाही. आपल्या ओळीला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, म्हणजे उंची जास्त हवी. फुगा तेवढाच राहिला, की अक्षर बारीक करतात. मोठ्या माणसाची नजर सवयीनं शब्द ओळखते. दुसरीतलं मूल अक्षर न् अक्षर फोडून वाचतं, आणि अडतं नेमकं जोडाक्षरावर. गोष्ट सहा वर्षांच्या मुलाला कळण्याजोगी आहेच, पण अक्षर दहा वर्षांच्या मुलासाठी आहे. वेष्टनावर हे कोणी लिहीत नाही.

भीतीबद्दलचं माझं मत मात्र मधेच बदललं. सुरुवातीला मी युद्धाच्या पानांना क्लिपा लावल्या होत्या. त्यानं त्या काढल्या, तुटलेली मुंडकी पाहिली, आणि बाण किती लागले ते मोजत बसला. रात्री शांत झोपला. रडला तो कुंतीनं बाळ पेटीत घालून नदीत सोडलं त्या पानावर. रक्ताचा थेंब नाही, फक्त पाणी आणि पेटी. “ती परत का नाही आली?” हे तीन रात्री विचारलं. तेव्हापासून क्लिपा बंद आहेत, आणि आईपासून मूल सुटतं त्या पानाला मी शेजारी बसते.

मग पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांत चिंटूचे दोन भाग मिळाले, दोन्ही मिळून साठ रुपयांना. १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागलेला, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू आमच्या पिढीनं पेपर उघडून आधी वाचलेला. तो लेकाला इतका लागू पडेल हे डोक्यात नव्हतं. तीन-चार चौकटींत गोष्ट संपते, म्हणून दमायच्या आत हसू येतं. आणि फुगा मुळातच मराठी बोलण्याच्या मापाचा! त्या संध्याकाळी त्यानं आईची मदत न घेता सलग अकरा पट्ट्या वाचल्या, चिंटूच्या दोस्तांचे, मिनी आणि बगळ्याचे, आवाज वेगवेगळे काढून. मी स्वयंपाकघरात ऐकत उभी राहिले.

दुसरं आश्चर्य हिंदी चाचा चौधरींचं. लिपी तीच, म्हणून अडला नाही. चाचांचा धिप्पाड सोबती साबू, त्याला राग आला की कुठेतरी ज्वालामुखी फुटतो, हे वाचून त्यानं नकाशा मागितला. ‘टिंकल’ या मुलांच्या नियतकालिकातला सुपंदी सातव्या वर्षी अगदी बरोबर बसतो. सांगितलेलं शब्दशः करून फसणं, हा विनोद या वयाच्या मुलाचा रोजचाच अनुभव असतो. डोळ्यांवर टोपी ओढलेला शिकारी शंभूही आवडला. टिनटिन मात्र कपाटात वर ठेवलाय. बासष्ट पानं, दाट मजकूर, आणि कॅप्टन हॅडॉकचं पिणं समजावायला मी अजून तयार नाही. त्यातल्या कुत्र्यासाठी लेक अधूनमधून मागतो, तेवढ्यापुरता देते. अ‍ॅस्टेरिक्स तर शब्दांच्या कोट्यांवर चालतो, त्याला आणखी चार वर्षं तरी द्यायला हवीत.

आता दुकानात मी एकच करते. मधलं पान उघडून त्याला सगळ्यात भरगच्च फुगा मोठ्यानं वाचायला सांगते. नाक पुस्तकाकडे झुकलं, की पुस्तक परत मांडणीवर. किंमत नंतर बघते, आणि मी किंमत आधी बघणारी बाई आहे.

उकललेला संच बाइंडिंगवाल्या काकांनी ऐंशी रुपयांत शिवून दिला. प्रकाशकाला फोटो जोडून पत्र टाकलंय, गहाळ पानं तरी द्या म्हणून. तोवर काकांनी त्या जागी सोळा कोरी पानं घातली आहेत. लेक रोज त्यांवर गोष्ट काढतोय. तो आधी अक्षरं लिहितो आणि मग त्यांच्याभोवती फुगा काढतो.