यू-2 उडवायचंय म्हणणाऱ्या भाच्याला घेऊन नौपाड्यातल्या डिफेन्स क्लासला गेलो

भाचा बारावी सायन्सला आहे आणि सहा महिने घरात एकच रट, मला यू-2 उडवायचंय, म्हणजे ते अमेरिकेचं खूप उंचावरून टेहळणी करणारं विमान. ताईने वैतागून माझ्या गळ्यात मारलं, तूच बघ बाबा. म्हणून ठाण्याला नौपाड्यातल्या एका क्लासचं दोन रविवारचं गायडन्स लावलं. नाव टाकत नाही कारण पुढे तक्रार पण आहे.

सर नेव्हीतून रिटायर झालेले, त्यांना पाचपैकी पाच. यू-2 म्हटल्यावर हसले नाहीत. ते 70,000 फुटांवर जातं म्हणून पायलटला अंतराळवीरासारखा सूट, मुख्य चाकं सायकलसारखी एकामागे एक, आणि उतरताना मागून दुसरा यू-2 पायलट गाडी पळवत रेडिओवर उंची सांगत येतो, हे सांगताना डस्टर असा तरंगवत टेबलावर आणला की मीच खुर्चीत पुढे सरकलो. मग म्हणाले, पण बाळा ते अमेरिकन एअर फोर्सचं, आणि तिथेही आधी दुसऱ्या विमानांवर तास भरावे लागतात. आपल्याकडे टेहळणीचं मिग-25 होतं बरेलीला, ते 2006 ला रिटायर झालं. आता नेव्हीचं समुद्रावर टेहळणी करणारं पी-8आय बघ, अरक्कोणमला आणि गोव्याला.

पण त्याचा वेगळा फॉर्म वगैरे नसतो हो. बारावीनंतर एनडीए नाहीतर ग्रॅज्युएशननंतर ठरावीक वर्षांची शॉर्ट सर्व्हिस, एसएसबीचे म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखती-चाचण्यांचे पाच दिवस, मेडिकल, पायलट ट्रेनिंग, मग कोचीला डॉर्नियर हे छोटं विमान, आणि त्यानंतर कधीतरी मोठं विमान, तेही ट्रेनिंगमध्ये कसे निघता आणि कुठे गरज आहे त्यावर. आणि सीपीएसएस नावाची पायलटची टेस्ट आयुष्यात एकदाच, त्यात गेलात तर फ्लायिंगचं दार कायमचं बंद, एअर फोर्स काय नि नेव्ही काय. हे ऐकून भाच्याचा चेहरा एवढुसा झाला. माझ्या मते फी इथेच वसूल.

आता तक्रार. पत्रकावर 'स्वतःचं जीटीओ ग्राउंड' छापलंय, म्हणजे एसएसबीतल्या मैदानी गटचाचण्यांच्या सरावाची जागा, प्रत्यक्षात बिल्डिंगचं पार्किंग, दोन टायर नि एक दोरी, मुलं फळी टाकून मानलेली नदी ओलांडतायत तेवढ्यात वॉचमनने शिट्टी मारली, कुणाची तरी वॅगन आर काढायची होती. काउंटरवरच्या मॅडम वर्षाच्या पॅकेजसाठी मागेच लागल्या, डिस्काउंट आजच्यापुरताच म्हणे, पुढच्या रविवारी पण आजच्यापुरताच होता. संभाजीनगरला सरकारचीच एसपीआय आहे एनडीएच्या तयारीसाठी हे तिथे कुणी बोललं नाही, सरांनीच जाताना सांगितलं, पण तिथे दहावीनंतर घेतात, आमचा उशीर झाला. धाकटी मुलं असतील त्यांनी लक्षात ठेवा.

पॅकेज घेतलं नाही. भाचा सध्या सकाळी तलावपाळीला पळतो आणि गणिताचे जुने पेपर सोडवतो, एनडीएला गणितच 300 मार्कांचं आहे. सरांचं एखादं लेक्चर सुटं मिळत असेल तर जरूर बसा. गाडी मात्र नेऊ नका, पार्किंगमध्ये नदी आहे.