कंपनीच्या फोनवर ऑब्सिडियन: बॅकअप होतो, पण राहतो कुठे?

द्राक्षाचा अख्खा हंगाम ऑब्सिडियन या नोंदी ठेवायच्या अ‍ॅपवर काढला. काम निफाड-पिंपळगाव पट्ट्यातल्या कोल्ड स्टोरेजच्या देखभालीचं, फोन कंपनीचा आणि त्यात वर्क प्रोफाइल (कामाच्या अ‍ॅप्सचा वेगळा, कंपनीच्या ताब्यातला कप्पा). प्री-कूलिंगच्या खोलीत शिरलं की रेंज जाते, म्हणून नोंदी फोनवरच ठेवणारं अ‍ॅप हवं होतं. तेवढ्यासाठी हे झकास आहे. प्रत्येक नोंद म्हणजे साधी मार्कडाउन फाइल, उद्या अ‍ॅप बंद पडलं तरी कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडेल. कंपनीच्या कामासाठी लायसन्स विकत घेण्याची सक्ती २०२५ मध्ये निघाली, त्यामुळे आयटीची मंजुरीही लवकर मिळाली.

आता बॅकअप. अ‍ॅपमध्ये ‘फाइल रिकव्हरी’ आधीपासून चालू असते. लिहीत असताना साधारण दर ५ मिनिटांनी ती नोंदीची एक प्रत ठेवते, आणि त्या प्रती ७ दिवस टिकतात. दोन्ही आकडे सेटिंगमध्ये बदलता येतात. मी दिवस वाढवून ठेवलेत. एका अमोनिया कॉम्प्रेसरच्या सक्शन-डिस्चार्ज प्रेशरच्या पानावर दुसऱ्याच प्लांटची चेकलिस्ट येऊन बसली होती. सकाळचं पान लगेच परत मिळालं. पण ही सोय फक्त लिहिलेल्या मजकुराची. मोटारीच्या नेमप्लेटचे, गळक्या व्हॉल्व्हचे फोटो तिच्यात येत नाहीत, आणि आमच्या कामात अर्धी माहिती फोटोतच असते. शिवाय या प्रती नोंदींच्या फोल्डरमध्ये नसतात, अ‍ॅपच्या पोटात असतात. अ‍ॅपचा डेटा क्लिअर झाला की त्याही गेल्या.

म्हणून आयटीने मंजूर केलेल्या एका फाइल-कॉपी अ‍ॅपवर पूर्ण फोल्डरची रोज रात्री झिप करायला लावली. काही दिवस त्या झिप झाल्याच नाहीत. बॅटरी वाचवायला फोन मागची अ‍ॅप्स थांबवतो त्यातून (बॅटरी ऑप्टिमायझेशन) त्या अ‍ॅपला वगळलं, तरी नाहीत. कारण वेगळंच निघालं: संध्याकाळी घरी आल्यावर आम्ही सगळेच वर्क प्रोफाइल बंद करतो, आणि ते बंद असताना त्यातलं कुठलंच अ‍ॅप चालत नाही. वेळ बदलून दुपारी जेवणाच्या सुट्टीत आणली, तेव्हापासून झिप नेमाने होते. (हे कुठल्याही मदत-पानात ठळकपणे लिहायला हवं होतं.)

खरी गोम पुढेच आहे. अँड्रॉइड वर्क प्रोफाइलला वेगळा वापरकर्ता मानतं, त्याचं स्टोरेजही वेगळं. झिप पडते ती त्याच प्रोफाइलच्या डाउनलोडमध्ये, म्हणजे तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच. प्रोफाइल काढलं की मूळ नोंदी आणि झिप एकदमच जातात. आमच्या एका सहकाऱ्याचा फोन पुन्हा एनरोल करताना, म्हणजे कंपनीच्या व्यवस्थेत नव्याने जोडताना, नेमकं हेच झालं. गूगलचा बॅकअप तारेल म्हणावं, तर व्यवस्थापित (कंपनीच्या नियंत्रणातल्या) फोनवर बॅकअप सेवा मुळात बंद असते, अ‍ॅडमिनने मुद्दाम चालू केली तरच चालते. आणि चालू असली तरी एका अ‍ॅपला २५ एमबीची मर्यादा. फोटोंसकट आमचं फोल्डर त्यात मावणारच नाही. यूएसबीने काढावं, तर तेही धोरणात बंद असू शकतं. आमच्याकडे बंदच आहे.

शेवटी आयटीवाल्यांशी बोलून दर शुक्रवारी ती झिप कंपनीच्याच ड्राइव्हवर टाकायची परवानगी घेतली. हे हातानेच करावं लागतं, पण आता निदान एक प्रत फोनबाहेर असते.

ऑब्सिडियन नव्याने घेत असाल तर व्हॉल्ट (नोंदींचं मुख्य फोल्डर) बनवतानाच ‘डिव्हाइस स्टोरेज’ निवडा. ‘अ‍ॅप स्टोरेज’ निवडलंत तर अ‍ॅप काढताच नोंदीही जातात, आणि कॉपी करणाऱ्या दुसऱ्या अ‍ॅपला ते फोल्डर दिसतही नाही. आयफोनवाल्यांनी आणखी एक विचारून घ्यावं: अ‍ॅप कंपनीनेच टाकलेलं असेल, तर त्याचा डेटा आयक्लाउड बॅकअपमध्ये जाऊ न देण्याची सोय अ‍ॅडमिनच्या हातात असते.