चढाच्या ट्रेडमिलवर आठ महिने

फर्मागुडीचा चढ दाराशी असलेल्या फोंड्याच्या माणसाने पैसे मोजून घरात चढ आणावा, याची आमच्या वाड्यावर पुष्कळ थट्टा झाली. पण जूनपासून त्या वाटेच्या कडेला शेवाळ धरते, आणि कोरड्या दिवसांतही माझा उजवा गुडघा चढताना नव्हे, उतरताना कुरकुरतो. ट्रेडमिलवर चढ आहे आणि उतार नाही, एवढ्याच कारणासाठी मी मे महिन्यात हे यंत्र घेतले.

पहिले दोन आठवडे वाया गेले, आणि तो दोष माझा. बारा टक्के चढ, तीनचा वेग आणि तीस मिनिटे हा सर्वत्र गाजलेला प्रकार मी करून पाहिला, आणि घाम का येत नाही याचे नवल करीत राहिलो. त्यातले तीन हे मैल आहेत, म्हणजे ताशी 4.8 किलोमीटर; माझ्या यंत्रावर वेग किलोमीटरमध्ये दिसतो आणि मी मजेत ताशी 3 किलोमीटरने फिरत होतो. योग्य वेग धरल्यावर चौथ्याच दिवशी पोटऱ्या एवढ्या भरून आल्या की जिना उतरताना कठडा धरावा लागला. तेव्हापासून चढ आठवड्याला एकेका पायरीनेच वाढवला.

कॅलरीच्या आकड्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे. पंधराव्या पायरीवर ताशी 5 किलोमीटरने अर्धा तास चाललो की पडद्यावर चारशेच्या आसपास आकडा येई, आणि तो मला पटत नव्हता. म्हणून शेजारच्या गवंड्याकडून पाणसळ आणली, पट्ट्यावर एक मीटरची लाकडी पट्टी ठेवून ती आडवी समतल केली आणि मागच्या टोकाखालची फट मोजली, तर ती जेमतेम 10 सेंटीमीटर भरली. खोक्यावर छापलेला 15 टक्क्यांचा चढ प्रत्यक्षात 10 टक्क्यांचा, म्हणजे पावणेसहा अंशांच्या आसपासचा होता; यंत्र हिशेब करीत होते तो छापील चढाचा.

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या चालण्याच्या सूत्रात माझे तेव्हाचे 78 किलो वजन घातले, तर याच वेगाने अर्ध्या तासात सपाटीवर सुमारे 138, पाच टक्क्यांवर 226 आणि दहा टक्क्यांवर 314 कॅलरी निघतात. हा अंदाजच आहे, पण पडताळा घरबसल्या घेता येतो. अर्ध्या तासात अडीच किलोमीटर अंतर आणि त्यावर दहा टक्के चढ, म्हणजे 250 मीटर उंची झाली. तीन मीटरचा मजला धरला तर ऐंशीहून अधिक मजले. 78 किलो एवढे वर न्यायला जवळजवळ 46 कॅलरींचे काम लागते, आणि स्नायू खर्चलेल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कामात उतरवत असल्याने शरीराला त्याची चौपट किंमत मोजावी लागते. सपाटी आणि दहा टक्के यांतील फरक जवळपास तेवढाच आहे. याच सूत्रांनी बारा टक्क्यांवरचे चालणे ताशी 8 किलोमीटरने सपाटीवर धावण्याच्या बरोबरीला येते, आणि गुडघ्याला धावण्याचे धक्के बसत नाहीत.

हे सारे दांडा न धरता चाललो तरच. दांड्याला लोंबकळून मागे झुकले की शरीर पट्ट्याला काटकोनात येते आणि चढ नावापुरता उरतो. माझी नाडी हात सोडून 142 असे, तीच दांडा धरल्यावर 121 वर आली. पडद्यावरचा आकडा मात्र ढळला नाही.

आठ महिन्यांत वजन साडेतीन किलोंनी उतरले. चवथीच्या पातोळ्या आणि नेवऱ्या जमेस धरता मी समाधानी आहे, जरी संध्याकाळची पोई सोडली असती तर तेवढे बहुधा चालण्याविनाही उतरले असते. दम मात्र चालण्यानेच वाढला.

यंत्राबद्दल तक्रारी दोन. दमट हवेने स्क्रूंना ऑगस्टमध्येच गंज धरला, आणि डिसेंबरात चढाची मोटर नवव्या पायरीवर अडकली. दुरुस्तीला माणूस यायला सतरा दिवस लागले. त्या सतरा दिवसांत मी पुन्हा फर्मागुडी चढू लागलो, आणि ते रविवारपुरते अजून चालू आहे. खाली येताना बस धरतो.