लो-कार्ब पीठ: पोळी जमते, पण किती जेवणांना वापरायचं?

दुकानात मधुमेहींच्या पिठांच्या फळीवर दोन अगदी वेगळ्या जातीची पिठं शेजारीशेजारी मांडलेली असतात. ‘शुगर कंट्रोल’, ‘डायबेटिक’, ‘मल्टिग्रेन’ असं लिहिलेल्या पिशव्या एका जातीच्या, ‘लो-कार्ब’ किंवा ‘कीटो’ लिहिलेल्या दुसऱ्या. किमतीत कित्येक पटींचा फरक, आणि कामातही तसाच. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या दोन जातींचं आहे, कारण एकदा जात ओळखता आली की नाव गौण ठरतं.

पहिली जात आधी उरकून टाकू. पिशवी उलटी करून घटक वाचा. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिलंच नाव गहू, आणि त्यापुढे चणा, सोया, ओट, जव, मेथी थोडी थोडी, असं असेल तर ते गव्हाचंच पीठ आहे. साध्या कणकेत १०० ग्रॅमला फायबर वगळून सुमारे ६५ ग्रॅम कार्ब (कर्बोदकं) असतात. या पिठांत ते बहुधा ५५ ते ६० च्या घरात येतात. तीस ग्रॅमच्या एका पोळीमागे दोन-तीन ग्रॅमचा फरक! तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे मोजायचे तर त्यापेक्षा अर्धी पोळी कमी खाल्लेली बरी. आयसीएमआर-इंडिॲब या देशव्यापी पाहणीच्या २०२५ मधल्या आहारविषयक निष्कर्षांतही हेच दिसलं. भारतीयांच्या सरासरी ६२ टक्के कॅलरी कार्बमधून येतात, आणि त्यात पांढऱ्या तांदळाच्या किंवा मैद्याच्या जागी नुसतं गव्हाचं अथवा भरडधान्याचं पीठ आणल्याने मधुमेहाचा धोका कमी झाल्याचं आढळलं नाही. एकूण कार्ब घटून प्रोटीन वाढलं, तिथे तो कमी दिसला.

‘दहा किलो गव्हात एक किलो सोयाबीन’ या गिरणीतल्या जुन्या दळणाचंही तेच. सोयाबीनमध्ये कार्ब जेमतेम ११ ग्रॅम, पण एवढ्याशा प्रमाणात मिसळल्यावर मिश्रण ६५ वरून ६० वर येतं, बस्स. प्रोटीनसाठी ते दळण चांगलंच आहे, सोयाबीन भाजून घेतलं असेल तर. कच्चं दळलं की उग्र वास येतो आणि पचायलाही जड जातं.

आता खरी लो-कार्ब पिठं. यांचा पाया साधारण दोन प्रकारचा असतो. एक गव्हाचं ग्लुटेन (कणकेला चिवटपणा देणारं प्रोटीन), सोया पीठ, ओटचं किंवा दुसरं फायबर आणि इसबगोल यांचा. दुसरा बदाम, खोबऱ्याचं पीठ, जवस आणि इसबगोल यांचा. पहिल्यात प्रोटीन भरपूर, फॅट कमी. दुसऱ्यात फॅट भरपूर आणि ग्लुटेन नाही. पोटाला किंवा पोळीला कोणता मानवेल, हे यावरच ठरतं.

पिशवीवरचा कार्बचा आकडा मात्र जपून वाचावा. काही जण त्यात फायबर धरून छापतात, काही वगळून, आणि ग्राहकाला ते सांगत नाहीत. ओळखायची सोपी युक्ती आहे. १०० ग्रॅमच्या रकान्यातलं प्रोटीन, फॅट आणि कार्ब यांची बेरीज करा, त्यात ओलावा आणि क्षार यांचे अंदाजे १२ मिळवा. बेरीज शंभराच्या आसपास आली तर फायबर कार्बच्या पोटातच आहे. ती शंभराला कमी पडली आणि नेमका फायबरइतकाच खड्डा राहिला, तर ते वेगळं मोजलेलं आहे. उदाहरणार्थ प्रोटीन ४०, फॅट १०, कार्ब ३५ आणि फायबर २०: बेरीज ९७, म्हणजे खरे कार्ब १५. त्याच पिठावर दुसऱ्याने कार्ब १५ असं छापलं असतं आणि दोन्ही पिशव्या वेगळ्या वाटल्या असत्या. तुलना करताना ‘प्रति सर्व्हिंग’ रकाना झाकून ठेवा. कुणाची सर्व्हिंग २५ ग्रॅमची, कुणाची ३५ ची.

मळताना दोन्ही प्रकार साध्या कणकेसारखे वागत नाहीत, आणि बहुतेक पिशव्या पहिल्या आठवड्यात फळीवर परत जातात त्या इथेच. ग्लुटेनवाल्या पिठाला पाणी जास्त लागतं. १०० ग्रॅम साध्या कणकेला ६०-६५ मिली पुरतं, याला ८० ते १०० मिली, आणि तेही कोमट. सुरुवातीला गोळा चिकट आणि सैल वाटतो म्हणून आणखी पीठ टाकण्याचा मोह होतो. टाकू नका. इसबगोल पाणी ओढायला वेळ घेतो. चमचाभर तेल लावून झाकून २५-३० मिनिटं ठेवलं की गोळा आपोआप आवळतो. आधीच पीठ वाढवलं असेल तर अर्ध्या तासाने तो दगडासारखा होतो आणि पोळी वातड.

लाटताना ग्लुटेन मागे खेचतं. पोळी लाटली की आक्रसते. गोळ्याला पाच मिनिटं विश्रांती देऊन पुन्हा लाटा, आणि नेहमीपेक्षा थोडी पातळ. तवा मध्यम आचेवर हवा. मोठ्या आचेवर वरून डाग पडतात आणि आतून ती चिवट राहते. फुगते क्वचितच, त्याची वाट बघत बसू नका. तव्यावरून उतरली की लगेच फडक्यात गुंडाळा. गार झाली की ती चामड्यासारखी होते, त्यामुळे डब्याला हे पीठ निरुपयोगी. घरी, गरम गरम आणि पातळ रश्शाबरोबर चालतं.

बदाम-खोबऱ्याच्या पिठात धरून ठेवणारं काहीच नसतं, इसबगोल हाच डिंक. एक वाटी पिठाला एक मोठा चमचा इसबगोल, उकळीच्या जवळचं पाणी, दहा मिनिटं झाकून. लाटणं चालत नाही. प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये दाबून किंवा भाकरीसारखं थापून तव्यावर सरकवावं लागतं, आणि उलटताना कड तुटतेच. भाकरीची सवय असलेल्या हाताला हे लवकर जमतं. बदाम आणि जवस दोन्ही खवट होतात, त्यामुळे पिशवी फोडल्यावर फ्रिजमध्ये घट्ट डब्यात ठेवा आणि महिन्याच्या आत संपवा.

मग साखरेचं काय होतं? तीन साध्या पोळ्यांतून सुमारे ५८ ग्रॅम कार्ब जातात. २० ग्रॅम कार्ब असलेल्या लो-कार्ब पिठाच्या तीन पोळ्यांतून १८. म्हणजे एका जेवणामागे ४० ग्रॅम कमी, आणि जेवणानंतरच्या आकड्यात हे दिसायला हवं. ग्लुकोमीटरने तपासायचं असेल तर दोन दिवस साधी पोळी, दोन दिवस ही, भाजी आणि वेळ तीच, जेवणानंतर चालणंही तेवढंच. हात धुऊन कोरडे करूनच बोट टोचा. पहिल्या घासापासून दोन तासांनी आणि पुन्हा तीन तासांनी बघा, कारण प्रोटीन-फॅट जास्त असलेल्या जेवणाने साखर उशिरा चढू शकते. मानकानुसार चांगला मीटरही १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे दाखवू शकतो. तेव्हा एकदाच १२-१५ चा फरक आला म्हणून पीठ चांगलं किंवा वाईट ठरत नाही.

आता किती जेवणांना वापरायचं, हा मुख्य प्रश्न. १८०० कॅलरींच्या आहारात ६२ टक्के म्हणजे सुमारे २८० ग्रॅम कार्ब. एका जेवणाची पोळी बदलली की उरतात २४०, म्हणजे ५३ टक्के. दोन्ही जेवणांची बदलली की २००, म्हणजे ४४-४५ टक्के. याच इंडिॲबच्या २०२२ मधल्या गणितात, नव्याने निदान झालेल्यांचा मधुमेह माघारी जाण्यासाठी कार्ब ४९ ते ५४ टक्के, प्रोटीन १९-२० टक्के आणि फॅट २१ ते २६ टक्के असं प्रमाण सुचवलेलं आहे. ते १८ हजारांवर प्रौढांच्या आहाराच्या नोंदींवरून मांडलेलं गणित आहे, प्रत्यक्ष चाचणी नव्हे. तरीही भाजी-आमटीच्या ताटाशी जुळणारं दुसरं इतकं ठोस प्रमाण समोर नाही. एका जेवणाच्या बदलाने आपण त्या पट्ट्यात पोचतो. म्हणून रात्रीच्या जेवणाला हे पीठ, दुपारी एक भाकरी किंवा दोन साध्या पोळ्या, ही मांडणी आम्हाला सगळ्यात पटते. खर्चही निम्म्यावर येतो.

याहून खाली जाण्याचा फायदा खरा आहे, पण तो लवकर विरतो. दिवसाला १३० ग्रॅमच्या आत कार्ब ठेवणाऱ्या आहारांच्या २३ चाचण्यांचा आढावा २०२१ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आला. सहा महिन्यांनी त्यातल्या शंभरातल्या ५७ जणांचं एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) साडेसहाच्या खाली होतं (औषधं चालू असलेले धरून), इतर आहारांवरच्यांपैकी ३१ जणांचं. वर्षाच्या शेवटी ही आघाडी बरीच ओसरली आणि एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, थोडं वाढण्याकडे कल दिसला. उलट ब्रिटनच्या ‘डायरेक्ट’ चाचणीत पहिले काही महिने रोज साडेआठशेच्या आसपास कॅलरींचं जे पेय दिलं, त्यात ५९ टक्के कार्ब होते, आणि तरीही पहिल्या वर्षअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह माघारी गेला होता. तिथे काम केलं ते उतरलेल्या वजनाने. पीठ बदलून वजन हललं नाही, तर फायदा जेवणानंतरच्या आकड्यापुरताच राहण्याची शक्यता जास्त. पहिल्या आठवड्यात उतरलेला किलो-दीड किलो बहुतेक पाण्याचा असतो, तो हिशोबात धरू नये.

हृदयाची बाजू पिशवीवर कधीच लिहिलेली नसते. अमेरिकेतल्या १५,४२८ प्रौढांचा सुमारे २५ वर्षं मागोवा घेणाऱ्या अभ्यासात (लॅन्सेट पब्लिक हेल्थ, २०१८) ५० ते ५५ टक्के कार्ब खाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी होतं. कार्ब ४० टक्क्यांच्या खाली गेले तिथे ते वाढलं आणि ७० टक्क्यांच्या वर गेले तिथेही. कार्बच्या जागी मटण, कोंबडी आली तिथे आकडे बिघडलेले होते. शेंगदाणे, दाणे-बियांसारखे वनस्पतींचे प्रोटीन-फॅट आले तिथे सुधारलेले. खाण्याच्या नोंदी लोकांनी आठवून दिलेल्या, त्यामुळे कार्यकारण यातून सिद्ध होत नाही, पण दिशा दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

ताटात ही गोष्ट अशी घडते. पोळी कोरडी लागते म्हणून तिच्यावर तूप येतं. पोट भरत नाही म्हणून भाजीच्या जागी पनीर. १०० ग्रॅम पनीरमध्ये सॅच्युरेटेड फॅट साधारण १४-१५ ग्रॅम, दोन छोटे चमचे तुपात आणखी ६. संपले की दिवसाचे २०! १८०० कॅलरींमागे १० टक्क्यांची मर्यादा एवढीच असते, आणि चहातलं दूध अजून धरलेलंच नाही. सॅच्युरेटेड फॅट वाढलं की यकृतावरचे एलडीएल उचलणारे रिसेप्टर कमी होतात आणि ते रक्तात फिरत राहतं. म्हणून बदामी पिठाच्या पोळीला वेगळं तूप नकोच, आणि खोबरेल तेलात परतलेली भाजी त्याच जेवणात नको. सोबत शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, मुगाची उसळ, भरपूर पालेभाजी.

हे पीठ सुरू करण्याआधी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉल-चरबीची तपासणी, करा. ट्रायग्लिसराइड घटतील, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) थोडं चढेल, त्यावर खूश होऊन थांबू नका. एलडीएल बघा, आणि एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून येणारा नॉन-एचडीएलचा आकडाही. बारीक अंगाच्या काही लोकांचं एलडीएल कडक कीटोवर (कार्ब जवळजवळ बंद करणाऱ्या आहारावर) फार वर जातं. साखर उत्तम आली म्हणून ते खपवून घेऊ नये.

ज्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिशवी फोडूच नये असेही आहेत. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर ४० ग्रॅम कार्ब अचानक कमी झाल्यावर साखर घसरू शकते. डोस आधी ठरवून घ्यावा लागतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर पूर्ण कीटो करणं धोक्याचं. त्यात कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साचणं) होताना मीटरवर साखर फारशी वाढलेली दिसतच नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप ही लक्षणं दिसली तर मीटर बघत न बसता थेट रुग्णालय. मूत्रपिंड अधू असेल तर ग्लुटेन-सोयाचं जास्त प्रोटीन नको. गरोदरपणात हा प्रयोगच नको. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी सोया आणि इसबगोल असलेली पोळी गोळीपासून काही तास लांब ठेवावी, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. इसबगोलावर पाणी कमी प्यायलात तर पोट साफ व्हायच्या ऐवजी घट्ट होतं. जेवणाबरोबर दोन पेले तरी हवेत.

दोन्हींत निवड करायची तर ग्लुटेन चालत असलेल्यांनी आणि एलडीएल वाढलेल्यांनी ग्लुटेन-सोयाचं पीठ घ्यावं. ग्लुटेन न चालणाऱ्यांना बदामाचंच, मात्र दोन भाकऱ्यांवर हात आखडून. पहिल्यांदा अर्ध्या किलोचीच पिशवी आणा. रोज रात्री तीन पोळ्या म्हटल्या तर ती एका माणसाला पाच-सहा दिवस पुरते, आणि मळायचं पाणी किती हा अंदाज बसायला तेवढे दिवस लागतातच.