ब्रेसेस, 26 महिने: दात सरळ झाले, पण मधला एक एक्सरे राहून गेला

मेटल ब्रेसेस कशा असतात, तार घट्ट केल्यावर दोन दिवस वरणभातच का खावा लागतो, हे इथे सगळ्यांना माहितीये, ते परत लिहीत नाही. वयाच्या 29 व्या वर्षी लावल्या, दोन दाढा काढून, हप्त्याहप्त्याने 48 हजार भरून. दात खरंच सुंदर बसलेत. तरी मी पूर्ण मार्क देणार नाही, आणि त्याचं कारण आहे एक छोटा एक्सरे.

चौदाव्या महिन्यात अक्कलदाढ दुखायला लागली म्हणून दुसरीकडे ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र मोठा एक्सरे, काढला. तिथल्या डॉक्टर दाढ सोडून समोरच्या दातांकडेच बघत बसल्या. मग त्यांनी पुढच्या दातांचा छोटा एक्सरे वेगळा काढला, कारण ओपीजीत पुढचे दात नीट येत नाहीत. वरच्या उजव्या बाजूचा, मधल्या दाताशेजारचा दात. बाकी मुळं निमुळती, याचं टोक मात्र वापरून बोथट झालेल्या पेन्सिलीसारखं. साधारण 3 मिमी मूळ गेलेलं. दुखलं? अजिबात नाही. हलत होता? नाही. म्हणजे एक्सरे काढला नसता तर कळलंच नसतं, आणि मला राग येतो तो ह्याचाच.

याला रूट रिझॉर्प्शन म्हणतात. दात सरकवायचा तर आजूबाजूचं हाड विरघळावं लागतं, ते काम करणाऱ्या पेशी कधीकधी मुळावरही चालून जातात. थोडंसं झिजणं ब्रेसेसवाल्या बऱ्याच जणांचं होतं, 4 मिमी किंवा एक तृतीयांश मूळ जाण्याइतकं जास्त साधारण 1 ते 5 टक्के लोकांत. वरचे पुढचे दात सगळ्यात आधी. 1927 मध्ये केचम नावाच्या अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टने (दात सरळ करणाऱ्या डॉक्टरने) एक्सरे दाखवून हे मांडलं होतं, म्हणजे नवीन काहीच नाही. मग सुरू केल्यापासून 6 ते 12 महिन्यांत एक एक्सरे का नाही? दोनशे रुपयांचा प्रश्न होता हो, मी 48 हजार भरले होते!

ब्रेसेस लावलेल्या क्लिनिकमध्ये जाऊन हे सगळं बोलले, आवाजही चढला. डॉक्टरांनी माझी फाइल उघडली आणि पहिल्या दिवसाचा फॉर्म पुढे ठेवला. 'दाताला कधी मार लागलाय का' यासमोर माझ्याच अक्षरात 'नाही'. चौथीत असताना झोपाळ्यावरून पडले होते, तोच दात, आईने हळद दाबून धरली होती, दोन दिवसांत विसरून गेलो सगळे. मार लागलेल्या दाताचं मूळ झिजायचा धोका जास्त असतो. ते वाचून मी गप्प झाले. त्यामुळे आधी जो 'डॉक्टरच निष्काळजी' असा राग होता तो निम्मा उतरला. निम्मा अजून आहे, कारण फॉर्मवर काहीही लिहिलेलं असो, एक्सरे काढायलाच हवा होता.

पुढे त्यांनी नीट सांभाळलं हे पण लिहिते. 3 महिने दातावर जोर नाही, तार नुसती बसवून ठेवली, मग हलक्या तारेने उरलेलं काम, आणि एक फट पूर्ण बंद करायचा हट्ट मी सोडला. गेलेलं मूळ परत वाढत नाही, पण जोर थांबला की झिजणं सहसा थांबतं. मूळ टोकाला बारीक असल्यामुळे तिथलं 3 मिमी जाणं हे हिरडीकडचं साधारण 1 मिमी हाड जाण्याइतकंच, हे ऐकून मला त्या रात्री झोप लागली. म्हणून आता हिरड्या सांभाळणं माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही वेळ ब्रश आणि रात्री फ्लॉस चुकवत नाही.

लावणार असाल तर लहानपणीचं पडणं घरी आईला विचारून फॉर्म भरा आणि वर्षाच्या आत एक्सरे मागून घ्या, संकोच करू नका.

ब्रेसेस काढून 5 महिने झाले. मागून बारीक तार चिकटवलीये. परवाचा एक्सरे चौदाव्या महिन्यातल्या फिल्मशेजारी धरून खिडकीपाशी बघितला, टोक तिथेच आहे, तसूभरही कमी झालेलं नाही.