दुबई की म्युनिक? दोघांनी संसार थाटायचा तर

लग्नानंतर पाच वर्षं दुबई आणि आता म्युनिकमधलं सहावं वर्ष, असा आमचा दोघांचा परदेशातला संसार. त्यामुळे ओळखीतली नवी जोडपी दोन ऑफर हातात घेऊन विचारतात, "ताई, कुठे जाऊ?" पगाराचा तक्ता त्यांनी आधीच मांडलेला असतो. मी त्यांना उलट एकच विचारते: तुमच्यापैकी एकाच्या नोकरीसाठी तुम्ही निघालात, मग दुसऱ्याचं काय ठरलंय? बाकी सगळ्या गोष्टींची सवय होते. याची होत नाही.

पैशाचं आधी उरकते. दुबईत पगारावर आयकर नाही, ठरलेला आकडा तसाच्या तसा खात्यात येतो. पण घरभाड्याचे वर्षभराचे चेक बहुधा आगाऊ लिहून द्यावे लागतात आणि मुलं झाली की खासगी शाळेची फी आ वासून उभी असते. म्युनिकमध्ये कर, पेन्शन, आरोग्य विमा असं सगळं कापून पगाराचा तिसरा हिस्सा तरी जातो आणि भाड्याच्या बाबतीत हे जर्मनीतलं सगळ्यात महाग शहर. मात्र सरकारी शाळेला फी नाही, आणि एकाची कमाई नसली तर सरकारी आरोग्य विम्यात दुसरा त्याच हप्त्यात बसतो. पाच वर्षांत गाठीला पैसा जोडायचा असेल तर दुबईच, यात मला शंका नाही.

आता दुसऱ्याचा प्रश्न. दुबईत नवऱ्याच्या नोकरीवर त्याचा व्हिसा आणि त्याच्या व्हिसावर माझा. (बायकोच्या व्हिसावर नवराही जाऊ शकतो, तशी जोडपी आमच्या इमारतीत होती.) मला काम करायला आडकाठी नव्हती. कंपनीने वर्क परमिट काढलं की झालं, आणि सगळा व्यवहार इंग्रजी-हिंदीत, त्यामुळे सात महिन्यांत मला अकाउंट्सचं काम मिळालंही. पण तिसऱ्या वर्षी नवऱ्याच्या कंपनीत माणसं कमी करायला लागले. त्याचा व्हिसा रद्द झाला असता तर पाठोपाठ माझाही झाला असता, आणि घराचे पुढचे चेक घरमालकाकडे जाऊन पडलेले. ते संकट टळलं. पण त्या दोन महिन्यांत आम्ही साधा सोफा बदलला नाही, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर दोघंही जागे आहोत हे दोघांनाही कळत असायचं. हल्ली तिथे दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळतो, तो नोकरीवर अवलंबून नसतो. त्यात बसत असाल तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या.

म्युनिकला आम्ही ब्लू कार्डवर आलो, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या इथल्या परवान्यावर. त्यावर आलेल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कुठेही काम करायची मुभा असते, यायच्या आधी जर्मन येण्याचीही अट नाही. कागदावर हे फार छान दिसतं. प्रत्यक्षात माझं पहिलं सव्वा वर्ष भाषेच्या वर्गात गेलं. दातांच्या डॉक्टरची वेळ घ्यायची तर मी आधी वहीत चार वाक्यं लिहून काढायची, तीनदा मोठ्यानं वाचायची आणि मग फोन लावायचा. पलीकडून वहीत नसलेला प्रश्न आला की घसा कोरडा पडायचा. दुबईत कमावणारी मी इथे भाजी आणायलाही नवऱ्याची वाट बघायला लागले, आणि त्यावरून आमची भांडणंही झाली. ज्याला नोकरी नाही त्याच्या वाट्याला हे वर्ष येतंच, ते धरून चाला. ते सरलं की मात्र पाय जमिनीवर टेकतात. ब्लू कार्डवाल्याला जर्मन बी-वन पातळीपर्यंत, म्हणजे रोजचा व्यवहार नीट निभावण्याइतकं, येत असेल तर २१ महिन्यांत, जेमतेम येत असेल तर २७ महिन्यांत कायमच्या वास्तव्याचा परवाना मागता येतो. तो हातात आल्यावर नोकरी गेली तरी घर जात नाही.

मूल हवं असेल तर फरक आणखी वाढतो. अमिरातीत खासगी नोकरीत बाळंतपणाची रजा ६० दिवस, त्यातले ४५ पूर्ण पगारी. जर्मनीत बाळंतपणाआधी सहा आणि नंतर आठ आठवडे, शिवाय आई किंवा बाबा कुणालाही तीन वर्षांपर्यंत बालसंगोपनाची रजा, नोकरी राखून. पण दुबईत मदतीला बाई मिळते आणि आई एका हाकेवर येते: मुंबईहून तीन तासांचं विमान, म्युनिकला नऊ. वेळेतला दीड तासाचा फरक तर जाणवतही नाही. इथे हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक पडतो. मी संध्याकाळी सातला घरी पोचते तेव्हा आईकडे साडेअकरा झालेले असतात, आणि ती जागी असते ते केवळ माझ्यासाठी, हे मला दर वेळी टोचतं.

सणवार. याबद्दल लोक सगळ्यात शेवटी विचारतात आणि पहिल्या दिवाळीला सगळ्यात आधी हेच आठवतं.

दुबईत सण तयार मिळतो. बर दुबईच्या गल्लीत मोगऱ्याचे गजरे, दुर्वांच्या जुड्या, विड्याची पानं, मीना बाजारात गणपतीच्या मूर्ती, कंदील, रांगोळी. जेबेल अलीला २०२२मध्ये मोठं मंदिर झालं, अबू धाबीचं २०२४मध्ये. पाडव्याच्या गुढीला लागणारा कडुलिंब तर तिथे रस्त्याच्या कडेला सावलीसाठी लावलेला असतो. एप्रिलमध्ये हापूसच्या पेट्या येतात. म्युनिकमध्ये मार्चअखेर झाडांना पालवीसुद्धा धड नसते, आणि आमच्या गुढीला अजून कधी कडुलिंबाचा डहाळा मिळालेला नाही.

पण एक गोष्ट नीट ऐका, ही ताकीद समजा. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. अफूचं बी म्हणून ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते आणि सामानात सापडली तर प्रकरण गंभीर होतं. आपल्याकडून जाताना आई प्रेमाने काय काय बांधून देते ते आठवा: अनारसे, करंजीचं सारण, घरचा मसाला. तिन्हींत खसखस असू शकते. पहिल्या दिवाळीला सासूबाईंनी दिलेल्या करंज्या आम्ही विमानतळावर निघायच्या आधी बॅगेतून काढून शेजारी देऊन टाकल्या. त्यांचे डोळे भरून आले, पण इलाज नव्हता. दुबईत मी अनारसे तिळावर थापायची.

जर्मनीत नेमकं उलटं. खसखस इथे बेकरीत जागोजागी, पावावर, केकमध्ये, पण ती निळसर काळी. तांदूळ तीन दिवस भिजवून, गूळ घालून मुरवलेलं पीठ त्या काळ्या खसखशीवर थापलं की अनारसा तळल्यावर राखेत लोळवल्यासारखा दिसतो, चव मात्र तीच, जाळीही तशीच पडते. इथे अडतं ते दुधाच्या पदार्थांपाशी: युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणता येत नाहीत, म्हणजे पेढे, घरचं तूप, दोन्ही नाही. त्याला उतारा आहे. इथलं बिनमिठाचं लोणी कढवलं की रवाळ, सुरेख तूप होतं. आणि क्वार्क नावाचं जे दह्यासारखं ताजं चीज डब्यात मिळतं ते रात्रभर फडक्यात टांगलं की घट्ट चक्का तयार. पिठीसाखर, केशर, वेलची, जायफळ. आमच्याकडे दसऱ्याचं श्रीखंड त्याचंच होतं.

इथे हे सगळं आपणच करायचं असतं. रविवारी दुकानं बंद, म्हणजे चकलीची भाजणी संपली हे शनिवारीच कळायला हवं. भाड्याच्या घरात बरेचदा स्वयंपाकघरच नसतं, ओटा आणि कपाटं आपण बसवायची. गॅसची ज्योत नाही, भाकरी विजेच्या काचेच्या शेगडीवर फुगवायला शिकायचं. फटाके लोकांना विकतात ते वर्षाच्या शेवटच्या तीन दिवसांत, तेव्हा दिवाळी बिनफटाक्यांची. रात्री दहानंतर आवाज नको, म्हणून आरतीला माणसं येणार असली की आम्ही दोन दिवस आधी जिन्यात चिठ्ठी लावतो. गेल्या वर्षी चिठ्ठी वाचून खालच्या मजल्यावरच्या आजी स्वतः आल्या आणि टाळ वाजवत शेवटच्या मंत्रपुष्पांजलीपर्यंत उभ्या राहिल्या.

मंडळं दोन्हीकडे आहेत. दुबईचं वातावरण मोठ्या सभागृहाचं, गर्दीचं. म्युनिकमध्ये सण तिथीला होत नाही, जवळच्या शनिवारी होतो, आणि विसर्जन घरच्या घरी बादलीत. दुबईत मी पाहुणी म्हणून जायची. इथे मोदकांची उकड काढायला चौघीजणी लागतात म्हणून मला मैत्रिणी मिळाल्या.

माझं मत विचाराल तर: घरी आईवडील थकलेले असतील, किंवा पाच-सात वर्षांत परत जायचं पक्कं असेल, तर दुबई घ्या. दोघांनाही आपापलं काम हवं असेल, मूल तिथेच वाढवायचं असेल आणि पहिलं कठीण वर्ष एकमेकांवर न चिडता काढायची तयारी असेल, तर म्युनिक.

आणि ठरवण्याआधी जमलं तर दोन्ही शहरं त्यांच्या वाईट ऋतूत बघून या. दुबई जुलैत, जेव्हा दुपारी पाऊल बाहेर टाकवत नाही. म्युनिक नोव्हेंबरात, जेव्हा पाचच्या आधी अंधार होतो. ज्याच्या हातात ऑफर नाही त्याने तिथे एक अख्खा दिवस एकट्याने काढावा: किराणा आणावा, बस पकडावी, एखाद्या अनोळखी माणसाला पत्ता विचारावा. संध्याकाळी दुसऱ्याने फक्त ऐकून घ्यावं, आणि ऑफरला उत्तर त्यानंतर लिहावं.